दक्षिण अमेरिकेतल्या मध्यम देशाने कोणतं लढाऊ विमान घ्यावं? अभ्यासगटासाठी मदत हवी

करवीरवासी:
नमस्कार मंडळी. पुढच्या रविवारी राजारामपुरीत आमच्या अभ्यासगटाची बैठक आहे. एनडीए-सीडीएसची तयारी करणारी मुलं आहेत. यावेळचा विषय दक्षिण अमेरिकेची हवाई शस्त्रसज्जता. एक काल्पनिक देश धरलाय: एका अंगाला अँडीज, दुसऱ्या अंगाला जंगल, जुनी जेट मोडीत निघालेली आणि हातात साधारण १०० कोटी डॉलर. पर्याय तीन दिलेत: वापरलेली अमेरिकन एफ-१६, नवी स्वीडिश ग्रिपेन, किंवा जेटचा नाद सोडून पंख्यावर चालणारं सुपर तुकानो. मुलं वेग, रडारचा पल्ला, क्षेपणास्त्रं यांचे तक्ते करून बसलीत. प्रत्यक्षात निवड कशावर ठरते? खरी उदाहरणं आणि आकडे द्या. अर्जेंटिनाने आपलं तेजस का घेतलं नाही, हाही प्रश्न येणारच आहे.

शिरोलीकर:
भावा, तक्ते आधी बाजूला ठेवायला सांग. पहिला कागद करायचा तो सुट्या भागांच्या मालकीचा. इंजिन कोणाचं, इजेक्शन सीट कोणाची, रडार आणि त्याचं आवरण कोणाचं, क्षेपणास्त्र कोणाचं. प्रत्येक ओळीपुढे देशाचं नाव लिहायचं. त्यातला एक देश जरी ‘नाही’ म्हणाला तरी अख्खा सौदा थांबतो. शिरोली एमआयडीसीत परदेशी सीएनसी मशीन एका कार्डासाठी महिनाभर बंद पडतं, तसंच हे. फक्त इथे कार्ड न देणारा १९८२ साली तुमच्याशी लढलेला असतो.

अर्जेंटिना हे त्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. १९८२ च्या ब्रिटनबरोबरच्या फॉकलंड युद्धाआधी त्यांनी फ्रान्सकडे १४ सुपर एतांदार विमानं आणि १४ एक्झोसेट जहाजभेदी क्षेपणास्त्रं मागवली होती. युद्ध सुरू झालं तेव्हा ५ विमानं आणि ५ क्षेपणास्त्रं पोचली होती. बाकीचं फ्रान्सने रोखलं. त्या पाचांतल्याच एकाने ‘शेफील्ड’ ही ब्रिटिश विनाशिका गेली.

पुढे २०१५ मध्ये त्यांची मिराज निवृत्त झाली आणि आवाजापेक्षा वेगाने उडणारं विमानच उरलं नाही. मग शोध सुरू झाला. ग्रिपेनमध्ये ब्रिटिश भाग आहेत, म्हणून तो रस्ता बंद. कोरियाचं एफए-५० ठरत आलं होतं. २०२० मध्ये कोरियन कंपनीने लेखी कळवलं की ब्रिटिश भागांमुळे देता येत नाही. फ्रान्सकडून ५ जुनी सुपर एतांदार घेतली, ती २०१९ मध्ये पोचली आणि जमिनीवरच राहिली. एक मोठं कारण म्हणजे सीटची काडतुसं. सीट ब्रिटनच्या मार्टिन-बेकरची. वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या या काडतुसांना ठरलेलं आयुष्य असतं. ते संपलं की विमान कितीही चांगलं असो, उडवायचं नाही. शस्त्रबंदीत सगळ्यात आधी हेच अडतं, कारण ही वस्तू दुसऱ्या विमानातून काढून वापरूनही फार काळ पुरत नाही.

तेजसचंही तेच. त्याची सीट मार्टिन-बेकरची, हवेत इंधन घेण्याची नळी आणि नाकावरचं रडारचं आवरण कोभमचं, म्हणजे पुन्हा ब्रिटन. इंजिन अमेरिकेचं एफ४०४. ब्रिटिश भाग बदलता येतात, पण सीट बदलली की कॅनोपीपासून (वैमानिकावरच्या पारदर्शक छतापासून) सुटकेच्या सगळ्या चाचण्या नव्याने कराव्या लागतात. वीसेक विमानांच्या मागणीसाठी तो खर्च कोण उचलणार? मुलांना हे नीट समजावून सांग. विमान वाईट म्हणून सौदा अडला, असा समज त्यांनी घेऊन जाऊ नये.

शेवटी एप्रिल २०२४ मध्ये अर्जेंटिनाने डेन्मार्ककडून २४ वापरलेली एफ-१६ घेतली आणि डिसेंबर २०२५ मध्ये पहिली सहा तिथे उतरली. एफ-१६ ला अमेरिकेचा होकार लागतो. तो मिळाला म्हणून हे जमलं.

कागलची_लेक:
शिरोलीकर दादांनी मालकीचं सांगितलं, मी पैशाचं सांगते. ‘विमानाची किंमत’ हा शब्दच मुलांच्या तक्त्यातून काढून टाका. अर्जेंटिनाच्या २४ विमानांचा आकडा साधारण ३० कोटी डॉलर, म्हणजे एकाला सव्वा कोटी. स्वस्त वाटतं. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेने त्याच विमानांसाठी शस्त्रं, सुटे भाग, प्रशिक्षण आणि देखभाल यांच्या विक्रीला जी मंजुरी दिली ती ९४.१ कोटी डॉलरपर्यंतची. हा वरच्या मर्यादेचा आकडा आहे, प्रत्यक्ष करार त्याहून कमी असू शकतो. तरी विमानाच्या तिप्पट पैसा विमानाच्या आजूबाजूला जातो, हे त्यातून कळतं.

नव्याचा हिशेब बघा. कोलंबियाने नोव्हेंबर २०२५ मध्ये १७ ग्रिपेन ई/एफ घेतली, करार ३१० कोटी युरोचा. भागाकार केला तर एकाला १८ कोटी युरोच्या वर. त्यात प्रशिक्षण आणि बाकीचं सामान धरलेलं आहे, म्हणून हा भागाकार थेट अर्जेंटिनाच्या सव्वा कोटीशेजारी मांडू नका. पेरूला १२ नव्या एफ-१६ ब्लॉक ७० साठी सप्टेंबर २०२५ मध्ये जी मंजुरी मिळाली तीही ३४२ कोटी डॉलरपर्यंतची होती. तुमच्या १०० कोटींत नवं जेट बसत नाही. अर्धं स्क्वाड्रन घेऊन शस्त्रांशिवाय उभं करायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण ते करू नये.

ब्राझीलचा अनुभवही सांगा. २०१४ मध्ये ३६ ग्रिपेनचा करार झाला: २८ एकआसनी, ८ दोनआसनी. स्वीडनचं कर्ज, तंत्रज्ञान हस्तांतरण, गाव्हियाँव पेइशोतोला एम्ब्रायरच्या आवारात जुळणी. अनापोलिसच्या तळावर २०२२ च्या डिसेंबरला सेवा सुरू झाली. दहा वर्षं उलटली तरी ३६ पूर्ण झाली नव्हती, कारण दरवर्षीच्या अर्थसंकल्पात हप्ता आक्रसत गेला. हप्ता कमी केला की विमानं उशिरा येतात आणि तोवर जुनी एफ-५ ओढत ठेवण्याचा खर्च वाढतो. स्वतःच्या देशात जुळणी करणं चांगलंच, पण ते पेलायला एम्ब्रायरसारखी कंपनी आधीपासून उभी असावी लागते.

आता तासांचं गणित फळ्यावर मांडा. एफ-१६ च्या सांगाड्याचं आयुष्य ८,००० तास. धरा की वापरलेल्या विमानाचे ५,५०० तास उडून झालेत, उरले २,५००. विमानं १२, वैमानिक १८, प्रत्येकाला वर्षाला १५० तास. म्हणजे वर्षाला २,७०० तास. भागिले १२ केले की विमानामागे २२५. म्हणजे ११ वर्षांत सांगाडा संपला. तो वाचवायला उड्डाणं कमी केली तर वैमानिक कच्चे राहतात. ब्लॉक ७० चं आयुष्य १२,००० तास, म्हणून त्याची किंमत तशी.

उजळाईवाडी:
वरचं दोघांचं पटतं. दोन गोष्टी सुटल्यात.

पहिली, टँकर, म्हणजे हवेत दुसऱ्या विमानाला इंधन देणारं विमान. एफ-१६ ला हवेत इंधन घ्यायला टँकरच्या शेपटाखालचा ताठ दांडा लागतो. अर्जेंटिनाकडे केसी-१३० आहेत, त्यांना लोंबती नळी आणि टोकाला टोपली. ए-४ स्कायहॉक त्यातून १९८२ मध्ये इंधन घेत होती. एफ-१६ घेऊ शकत नाही. म्हणजे विमान बदललं आणि टँकर बिनकामाचा झाला. चिलीने एफ-१६ घेतल्यावर केसी-१३५ आणले, ते याचसाठी. उलट कोलंबियाचा ७६७ टँकर आणि ब्राझीलचं केसी-३९० दोन्ही नळी-टोपलीचे आणि ग्रिपेनला नळी घेण्याची सोय आहे, तिथे जुळणी बसते. आपल्या हवाई दलात सुखोई, राफेल, मिराज, तेजस सगळी आयएल-७८ च्या टोपलीतूनच इंधन घेतात, म्हणून आपल्याकडे हा प्रश्न लक्षात येत नाही.

दुसरी, उंची. हे गणित मुलांकडून करून घ्या. ४,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६७ टक्के. ला पाझजवळचा एल आल्तो विमानतळ ४,०६१ मीटरवर आहे. पंखाला तेवढीच उचल मिळवायला प्रत्यक्ष वेग सुमारे २२ टक्के जास्त लागतो आणि इंजिनाचा जोर साधारण एक तृतीयांशाने घटतो. दोन्ही मिळून धावण्याचं अंतर सव्वादोन पटींच्या आसपास जातं. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर आहे, इथे हा फरक जाणवतही नाही. त्यात ऊन धरा: बोगोटा २,५४८ मीटरवर, पण २० अंश तापमानाला हवा जणू ३,३०० मीटरवरची. म्हणून कोलंबियाने आपली केफीर लढाऊ जेट पालांकेरोला ठेवली, माग्दालेना नदीकाठी, सखल भागात. तुमच्या काल्पनिक देशाचा तळ नकाशावर कुठे टाकताय ते आधी ठरवा. ‘राजधानीजवळ’ असं लिहिलं तर निम्मा शस्त्रभार तिथेच गेला.

एफ-१६ च्या तळाचं आणखी: हवा ओढण्याचं तोंड पोटाखाली, जमिनीच्या जवळ. धावपट्टीवरचा खडा थेट इंजिनात जातो. रोज झाडलोट, सांधे भरणं, कडेची माती पक्की करणं हे सगळं खर्चात धरा. इंजिन बंद पडल्यास वीज आणि हायड्रॉलिक दाब देणारं आपत्कालीन युनिट हायड्राझिनवर चालतं: ७० टक्के हायड्राझिन, ३० टक्के पाणी. हे विषारी रसायन. वेगळी साठवण, संरक्षक पोशाख, गळती झाल्यास प्रशिक्षित पथक. हे सगळं विमान येण्याआधी उभं लागतं.

करवीरवासी:
हे सगळं फळ्यावर घेतो. मग रशियन किंवा चिनी घेऊन नकाराधिकारातून सुटता येतं का? आणि सुपर तुकानोबद्दल कोणीच बोललं नाही.

पंचगंगाकाठ:
सुटता येत नाही, फक्त नकार देणारा बदलतो. पेरूने १९९६ मध्ये बेलारूसकडून १८ मिग-२९ आणि १८ सुखोई-२५ घेतली, कारण १९९५ च्या सेनेपा संघर्षात इक्वेडोरच्या मिराज एफ-१ नी त्यांची दोन सुखोई-२२ पाडली होती. विमानं मिळाली, पण कारखान्याचा आधार मिळेना. रशियाने आपल्याकडून न घेतलेल्या विमानांची जबाबदारी नाकारली. १९९८ मध्ये रशियाकडून ३ नवी मिग-२९ घेतल्यावर तो आधार आला. व्हेनेझुएलाला २००६ मध्ये अमेरिकेने शस्त्रबंदी केली, त्यांच्या एफ-१६ चे भाग थांबले, मग २४ सुखोई-३० आली आणि अवलंबित्व मॉस्कोकडे गेलं.

सुपर तुकानोकडे कमीपणाने बघू नका. १,६०० अश्वशक्तीचं टर्बोप्रॉप, पंखात १२.७ मिमीच्या दोन मशीनगन, पाच ठिकाणी मिळून सुमारे दीड टन शस्त्रं, कच्च्या धावपट्टीवरून उडतं. जंगलावरून अमली पदार्थ नेणारी छोटी सेसना ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास जाते. तिच्याशेजारी राहून खुणा करायच्या तर जेटला तेवढं हळू उडणं अवघड. तस्करांनी बिझनेस जेट वापरलं तर मात्र सुपर तुकानो मागेच राहतं, हेही खरं.

पण खरा अडथळा विमानाच्या आधी येतो, रडारमध्ये. जमिनीवरचं रडार २० मीटर उंचीच्या मनोऱ्यावर, तस्कर १५० मीटरवर: पृथ्वीच्या वक्रतेमुळे सुमारे ७० किलोमीटरच्या पलीकडे तो दिसतच नाही. ताशी ३०० ने ते अंतर तो १४ मिनिटांत कापतो. तुमचा तळ २०० किलोमीटरवर असेल तर ताशी ५०० ने निघालेल्या सुपर तुकानोला २४ मिनिटं लागतात. गेला तो. तेच रडार ७,५०० मीटरवर उडणाऱ्या विमानात ठेवलं तर पल्ला ४०० किलोमीटरपर्यंत जातो आणि हाताशी ८० मिनिटं येतात. ब्राझीलने ॲमेझॉनसाठी ई-९९ ही रडारवाहू विमानं उडवली ती यासाठी. आपलं नेत्र हे रडारवाहू विमानही त्याच एम्ब्रायर १४५ च्या सांगाड्यावर आहे.

पाडण्याचे नियमही लिहून ठेवावे लागतात: ओळख, रेडिओवर हाक, पंख हलवून खूण, मार्ग बदलण्याचा हुकूम, उतरण्याचा हुकूम, इशाऱ्याची फैर, आणि मग वरिष्ठाच्या परवानगीने गोळी. पेरूमध्ये एप्रिल २००१ मध्ये मिशनरी कुटुंबाचं विमान तस्कर समजून पाडलं गेलं, आई आणि तान्ही मुलगी गेली. क्रमातल्या पायऱ्या घाईत ओलांडल्या की असं होतं.

कागलची_लेक:
भारतीय मालाबद्दल विचारलंत म्हणून ध्रुवचंही सांगा. इक्वेडोरने ७ ध्रुव हेलिकॉप्टरं घेतली, करार ४.५२ कोटी डॉलरचा. २००९ ते २०१५ दरम्यान त्यातली चार कोसळली आणि इक्वेडोरने करार मोडला. सुटे भाग वेळेवर येत नाहीत, ही त्यांची एक मुख्य तक्रार होती. कारणांवर दोन्ही बाजूंची मतं वेगळी आहेत. पण सात हेलिकॉप्टरांसाठी सुमारे सतरा हजार किलोमीटरवर भागांचा साठा आणि तंत्रज्ञ ठेवणं हे विकणाऱ्याने करारातच बांधून घ्यायला हवं. आपल्याला तिकडे पुन्हा काही विकायचं असेल तर सुरुवात इथून करावी लागेल.

शिरोलीकर:
करवीरवासी, १०० कोटींत माझा क्रम असा: आधी उडतं रडार आणि जमिनीवरची दोन-तीन रडार. मग एक स्क्वाड्रन सुपर तुकानो. उरलेल्यात १२ वापरलेली एफ-१६, पण दोन अटींवर: उरलेले तास प्रत्येक सांगाड्याच्या नोंदवहीतून तपासलेले आणि पाच वर्षांची सीट-काडतुसं व इंजिनाचे भाग पहिल्याच करारात. तेवढ्यात बसत नसेल तर एफ-१६ आठ करा, रडार कमी करू नका. उजळाईवाडी सर याला कदाचित टँकरवरून हरकत घेतील. आठ विमानांसाठी मी टँकर धरलेला नाही. तळ सीमेच्या ४०० किलोमीटर आत सखल भागात असेल तर बाहेरच्या टाक्यांवर भागतं.

उजळाईवाडी:
गस्त घालायची नसेल, फक्त हाक आल्यावर उडायचं असेल, तर भागतं. मुलांना नकाशावर त्रिज्या काढायला लावा, आणि परतीचं इंधन व पर्यायी विमानतळ त्यात धरायला विसरू देऊ नका.