लेक्चरमध्ये सगळं समजतं, पेपरात पहिली ओळ सुचत नाही (इंजिनिअरिंग, पहिलं वर्ष)

तिसराबाक:

मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाला आहे. शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र हे माझे हुकमी विषय होते. इथे मिड-सेमला इंजिनिअरिंग मेकॅनिक्समध्ये जेमतेम पास झाले. अभ्यास करत नाही असं नाही. लेक्चर चुकवत नाही, सर फळ्यावर गणित सोडवतात तेव्हा एकेक पायरी पटते. संध्याकाळी वही पुन्हा वाचते, शंका असली तर व्हिडिओ बघते. पण पेपरात आकृती थोडी वेगळी आली की हात थांबतो. समजलेलं सगळं गेलं कुठे तेच कळत नाही.

वर्गातली काही मुलं भराभर सोडवतात. त्यांच्याकडे बघून वाटतं, ही शाखा आपली नव्हेच. घरी अजून काही बोलले नाहीये. कुणी यातून गेलं असेल तर सांगा, प्लीज.

बलरेषा:

मी पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्सची ट्यूटोरिअल्स घेतो. तुझ्यासारखं सांगणारी मुलं दर सत्रात भेटतात, आणि त्यातली बरीचशी पुढे चांगली इंजिनिअर होतात. एका मिड-सेमवरून शाखेचा निकाल लावू नकोस.

तू जे लिहिलं आहेस त्यात एक गोष्ट मला लख्ख दिसते. लेक्चर ऐकणं, वही वाचणं, व्हिडिओ बघणं, या तिन्ही वेळी गणित दुसऱ्या कुणीतरी सोडवलेलं असतं. तू ते ओळखतेस, पटवून घेतेस. पेपर मात्र तुला कोऱ्या कागदावरून निघायला सांगतो, आणि त्या कामाचा सराव तुझ्या दिवसात कुठेच नाही. शाळेत हे खपून गेलं, कारण तिथली गणितं ठरावीक साच्यातली होती. साचा ओळखला की सूत्र आठवायचं. इथे कोणतं सूत्र लावायचं हे ठरवणं हाच खरा प्रश्न असतो.

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, बाकीच्यांनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. तिथे मजकूर लक्षात ठेवायचा होता, गणित सोडवायचं नव्हतं, हे मान्य. पण संध्याकाळी वही वाचताना जो ‘येतंय की’ असा भास होतो, तो या पाच मिनिटांतला आहे. त्यावर विसंबू नकोस.

आता करायचं काय ते सांगतो. सरांनी वर्गात सोडवलेलंच गणित घे, वही मिट आणि फक्त फ्री बॉडी डायग्राम काढ, म्हणजे एकटी वस्तू आणि तिच्यावरची सगळी बलं दाखवणारी आकृती. उत्तरापर्यंत जायची घाई नको. वस्तू बाकी सगळ्यांपासून सुटी कर, जिथे जिथे काही टेकलं आहे, बांधलं आहे, खेचतं आहे तिथे बल दाखव, वजन दाखव. मग वही उघडून ताडून बघ. मी तपासलेल्या पेपरांत गणित चुकतं ते बहुतेक वेळा इथेच. पुढची समीकरणं मुलांना येत असतात. बिजागरीसारखा पिन जॉइंट असेल तर दोन अनोळखी बलं, चाकांवरचा रोलर असेल तर एकच, पक्का रोवलेला आधार असेल तर दोन बलं आणि एक मोमेंट (बलाचा फिरवणारा परिणाम). हे पाठ करू नकोस. आधार कुठली हालचाल अडवतो ते स्वतःला विचार, म्हणजे उत्तर आपोआप मिळतं.

आणि अडकलीस की लगेच उत्तर बघू नकोस. थोडा वेळ तशीच अडकून राहा. तो वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, पण शिकणं तिथेच चाललेलं असतं. हे मला अगदी मनापासून वाटतं.

लूपबाहेर:

मी तिसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर. वरचं सगळं प्रोग्रॅमिंगलाही लागू आहे. दुसऱ्याचा कोड वाचून पॉइंटर समजल्यासारखे वाटतात, स्वतः लिहायला बसलं की कळतं.

मला भर घालायची आहे ती एकटं न बसण्याची. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात गणितज्ञ उरी ट्रीझमन यांनी कॅल्क्युलसच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला होता. आधी जे विद्यार्थी बहुतेक एकेकटे अभ्यास करून मागे पडत होते, त्यांना कठीण गणितं देऊन गटात बसवल्यावर त्यांचे निकाल सुधारले. सोपी गणितं दिली नव्हती, हे मला महत्त्वाचं वाटतं. तिघीचौघी मिळून बसा, आधी प्रत्येकीने आपापली आकृती काढायची, मग एकमेकींच्या तपासायच्या. भराभर सोडवणाऱ्यांनी तसं काही आधी केलेलं असू शकतं, त्यांच्याशी स्वतःला मापू नकोस. घरी मात्र सांगून टाक ताई, ते ओझं उगाच वाहू नकोस.

तिसराबाक:

दोघांचेही मनापासून आभार. आज वही मिटून शिडीचं गणित घेतलं. शिडी गुळगुळीत भिंतीला टेकलेली, खाली जमीन खरखरीत. मी वजन मध्यावर दाखवलं, जमिनीची नॉर्मल (पृष्ठभागाला काटकोनातलं बल) वर, जमिनीचं फ्रिक्शन भिंतीच्या दिशेने. भिंतीपाशी काहीच दाखवलं नाही, कारण ती गुळगुळीत आहे. मग आडव्या दिशेचं समीकरण लिहिलं तर फ्रिक्शन शून्य येतं! बलरेषादादा, कुठे बिघडलं?

बलरेषा:

शाब्बास, समीकरणच तुला सांगतंय की एक बल राहिलं आहे. गुळगुळीत म्हणजे फ्रिक्शन नाही. भिंत शिडीला ढकलत असतेच, भिंतीला काटकोनात, बाहेरच्या दिशेने. ते बल दाखव. मग मोमेंट शिडीच्या पायापाशी घे, म्हणजे जमिनीची दोन्ही बलं समीकरणातून निघून जातील. शिडीचं वजन W असेल आणि ती जमिनीशी θ कोन करत असेल तर भिंतीचं बल W/(2 tan θ) येईल, आणि फ्रिक्शन तेवढंच. 60 अंशाला शिडी घसरू नये म्हणून फ्रिक्शनचा गुणांक किमान 0.29 च्या आसपास लागतो. हे स्वतः काढून बघ.

ते जमलं की शिडीवर, वरच्या टोकाजवळ, एक माणूस उभा कर आणि पुन्हा सोडव. आकृती इथे टाक, मी बघतो.