विषय: बाहेरच्या भिंतींचं इन्सुलेशन, सोमवारच्या आत उत्तर हवंय

नमस्कार,
कॉन्ट्रॅक्टरचं एक काम रद्द झालंय, म्हणून तो सोमवारीच परांची बांधायला तयार आहे. नाहीतर थेट ऑक्टोबर. एसईएआयकडे (आयर्लंडची सरकारी ऊर्जा संस्था) ग्रँटचा अर्ज गेल्या आठवड्यात पोस्टानं टाकलाय, मंजुरी यायचीय. नुसती परांची बांधली तर काम सुरू झालं असं धरतात का? घर तेच, डब्लिनजवळच्या टालाचं, १९७४ चं सेमी-डी (एका बाजूची भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेलं). पाडव्याला आलेल्यांनी मागच्या खोलीतली बुरशी पाहिलीच आहे.
– नि.

> नुसती परांची बांधली तर

अजिबात बांधू देऊ नकोस. एसईएआयची मंजुरी येण्याआधी सुरू झालेल्या कामाला ग्रँट मिळत नाही. आमच्या दिरांनी पोटमाळ्याचं काम मंजुरीच्या दोन दिवस आधी उरकलं, सगळे पैसे पदरचे गेले. परांची मोजतात की नाही याची परीक्षा तू कशाला घेतोस? आणि पोस्टानं का रे? आमची मंजुरी ऑनलाइन त्याच दिवशी आली होती. लाइटबिलावरचा एमपीआरएन, म्हणजे वीजजोडणीचा नंबर, हाताशी ठेवायचा, झालं.
– सु. काकू, लुकन

बाहेरून एवढा खर्च कशाला? कॅव्हिटीत, म्हणजे भिंतीच्या दोन थरांमधल्या पोकळीत, इन्सुलेशनचे मणी भरून घ्या. आमच्याकडे सकाळी आले, जेवणाआधी आटोपून गेले.
– वि.

वि., तुझं घर कॉर्ककडचं. डब्लिनकडे त्या काळातली पुष्कळ घरं होलो ब्लॉकची, म्हणजे पोकळ काँक्रीट ठोकळ्यांची आहेत. त्यात सलग पोकळी नसतेच, ठोकळ्याठोकळ्यात वेगळी असते आणि मधल्या काँक्रीटमधून थंडी आत येतेच. मणी भरून काय होणार? आम्ही आतून केलं. रेडिएटर, सॉकेट सगळं हलवावं लागलं, मुलाच्या खोलीत कपाट बसेना. आज करायचं असतं तर बाहेरूनच केलं असतं. नि., व्हेंट मात्र झाकू देऊ नकोस, बुरशी परत येईल.
– म. दादा

मंडळी, कॉन्ट्रॅक्टरांची नावं कृपया इथे टाकू नका, काहींनी मला परस्पर पाठवलीत म्हणून सांगतो. यादी मी सांभाळतो आणि प्रत्येकाची एसईएआयकडे नोंदणी आहे ना, हे बघूनच नाव घालतो. नोंदणी नसेल तर ग्रँट नाही. मागच्या वर्षी एका कुटुंबाला याचाच फटका बसला, तेव्हा फोन मलाच आले.

नि., सेमी-डीला २०२२ मध्ये ६,००० युरो केले, पण ते शेवटी मिळतात. कॉन्ट्रॅक्टरला पूर्ण रक्कम आधी तू द्यायची, मग बीईआर (घराच्या ऊर्जा-दर्जाची) तपासणी, मग पैसे खात्यात. तेवढी सोय करून ठेव. मंजुरीनंतर काम पुरं करायला आठ महिने असतात, त्यात ऑक्टोबर बसतो.
– श. (ऊर्जा उपसमिती)

काकू, श. दादा, आभार. ऑक्टोबर पक्का केला. बॉयलरची धुराची नळी नव्या जाडीत बुजेल, ती कोण वाढवतं?
– नि.

नोंदणीकृत गॅस इन्स्टॉलरच. बाकी कोणाला हात लावू देऊ नकोस. परांची उभी राहण्याआधी त्याला बोलावून घे.
– म. दादा