जपानमध्ये राहून शिकोकूच्या ८८ मंदिरांची परिक्रमा एकटीने पायी करावी का?

इंद्रायणीकाठ (ओसाका) यांचा प्रश्न

नमस्कार. नोकरीनिमित्त मी काही वर्षांपासून ओसाका येथे राहते. आमचे घर माळकरी असून वडील दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला पायी जात असत. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या नावाने एकदा तरी पायी यात्रा घडावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. परंतु ज्येष्ठ-आषाढात सलग तीन आठवड्यांची रजा मला मिळत नाही. येथून काही तासांच्या अंतरावर असलेल्या शिकोकू बेटावर कोबो दायशी या बौद्ध आचार्यांच्या नावाने ८८ मंदिरांची सुमारे १,२०० किलोमीटरची परिक्रमा चालते, हे कळल्यापासून तीच करावी असे वाटू लागले आहे.

गळ्यात तुळशीची माळ असताना बौद्ध मंदिरांत यात्रेकरू म्हणून जाणे योग्य ठरेल का, ही माझी पहिली शंका. दुसरी शंका आईची आहे. वारीत दिंडी असते, विणेकरी असतो, मुक्कामाला शेकडो माणसे सोबत असतात. परक्या देशातल्या डोंगरांतून एकट्या बाईने चालणे तिला पटत नाही. तिसरी अडचण आहाराची, कारण मी मासेही खात नाही. शिवाय एका वेळी आठवड्याहून अधिक रजा मिळणार नाही. ज्यांनी ही यात्रा केली आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पायवाट यांचा प्रतिसाद

मी ही परिक्रमा टप्प्याटप्प्याने पूर्ण केली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिल्या शंकेबाबत आपण निश्चिंत असावे. यात्रेकरूचा, म्हणजे हेन्रोचा, धर्म किंवा पंथ तेथे कोणी विचारत नाही. कोबो दायशी म्हणजे कूकाई (७७४–८३५) हे शिंगोन या जपानी बौद्ध पंथाचे संस्थापक. ते ८०४ मध्ये चीनला गेले, तेथील राजधानीत त्यांनी प्रज्ञ नावाच्या भारतीय भिक्षूंकडे संस्कृतचा अभ्यास केला आणि परतताना मंत्रपरंपरा सोबत आणली. त्यामुळे मंदिरांतल्या शिळांवर आजही सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतली बीजाक्षरे दिसतात. प्रत्येक मंदिरात म्हटल्या जाणाऱ्या प्रज्ञापारमिताहृदय सूत्राच्या शेवटी ‘गते गते पारगते’ हाच मंत्र जपानी उच्चारांत ऐकू येतो. आपण ते सूत्र म्हणावे, किंवा हात जोडून मनात हरिपाठ म्हणावा. मागे उभ्या असलेल्यांना वाट मोकळी ठेवली की कोणाचीही हरकत नसते. मी स्वतः दोन्ही म्हणत असे.

आईंना एक गोष्ट जरूर सांगा. या यात्रेत एकटे चालणे ही उणीव मानली जात नाही. हेन्रोच्या पांढऱ्या अंगरख्यावर आणि टोपीवर ‘दोग्यो निनिन’ अशी अक्षरे असतात. चालणारा एक दिसला तरी दायशी सोबत आहेत, म्हणून वाटसरू दोन, असा त्यांचा भाव आहे. हातातली काठी, कोंगोझुए, हे दायशींचेच रूप समजतात. म्हणून मुक्कामी पोहोचल्यावर आपले पाय धुण्याआधी काठीचे टोक धुतात. पुलावरून जाताना काठी टेकवत नाहीत, कारण दायशींनी एकदा पुलाखाली रात्र काढली होती आणि ते आजही तेथे विसावले असतील, अशी श्रद्धा आहे. हा भाव मनात रुजला की दिवसभर कोणी न भेटले तरी एकटेपणा जाचत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

रजेची अडचण तर बहुतेक नोकरदार जपानी माणसांनाही असते. सलग चाललात तर साधारण ४० ते ५० दिवस लागतात. तुकड्यांनी केलेली यात्राही तितकीच मान्य आहे, आणि एकेका प्रांताची यात्रा एकेका खेपेला करण्याची जुनी रीत आहेच. बेटाचे जुने चार प्रांत साधनेच्या चार पायऱ्या मानले जातात: आवा म्हणजे बोधिचित्ताचा उदय, तोसा म्हणजे साधना, इयो म्हणजे बोधी आणि सानुकी म्हणजे निर्वाण. पहिले मंदिर र्योझेनजी आवा प्रांतात, म्हणजे आजच्या तोकुशिमा जिल्ह्यात, नारुतो येथे आहे. ओसाकाहून आकाशी सामुद्रधुनीच्या पुलावरून जाणारी बस नारुतोला पोहोचवते. बांदो हे लहानसे रेल्वेस्थानक मंदिरापासून चालत जाण्याजोगे आहे. पहिल्या खेपेला १ ते १७ ही मंदिरे घ्यावीत. १३ ते १७ तोकुशिमा शहराच्या आसपास असल्याने तेथून परतणे सोपे जाते.

सर्व आखणी एका वेळेभोवती करावी लागते. मंदिराचे कार्यालय, जेथे यात्रेच्या वहीत मोहर व हस्ताक्षर मिळते, ते सकाळी ८ ते संध्याकाळी ५ एवढेच उघडे असते. प्रत्येक ठिकाणी ५०० येन, म्हणजे ८८ मंदिरांचे ४४,००० येन होतात. जेवणासह मुक्काम धरून दिवसाला सुमारे १०,००० येन हाताशी ठेवा, आणि तेही रोख, कारण लहान घरगुती खाणावळ-मुक्कामांत अनेकदा कार्ड चालत नाही.

सह्यकडा यांचा प्रतिसाद

पायवाट यांच्या एका सल्ल्याशी मी सहमत नाही. आठवड्याभरात १७ मंदिरे होतात हे खरे. परंतु त्यांत ११वे फुजीइदेरा ते १२वे शोसानजी हा डोंगरी टप्पा येतो. अंतर जेमतेम १३ किलोमीटर, पण चढ-उतार असे की सहा ते आठ तास सहज लागतात. वाटेत दुकान नाही आणि पाऊस झाला की मुळांवरून पाय घसरतो. पहिल्याच खेपेला, मैदानातली दहा-अकरा मंदिरे करून पाय दुखत असताना, हा टप्पा एकटीने घेऊ नये असे माझे मत आहे. आधी १ ते ११ करावे, परतावे, आणि पुढच्या खेपेला ताज्या पायांनी शोसानजी चढावे.

त्या डोंगराच्या उतारावर एमोन साबुरोची समाधी आहे. इयो प्रांतातल्या या श्रीमंत माणसाने दारी आलेल्या भिक्षूला पुन्हा पुन्हा हाकलले आणि अखेर त्याचे भिक्षापात्र फोडले. त्यानंतर त्याची आठ मुले एकामागून एक दगावली. तो भिक्षू म्हणजे दायशी होते हे उमगल्यावर क्षमा मागण्यासाठी त्याने बेटाला वीस प्रदक्षिणा घातल्या, तरी भेट झाली नाही. एकविसाव्या वेळी तो उलट दिशेने निघाला आणि याच डोंगरात, अखेरच्या श्वासाला, त्याला दायशी भेटले. ही कथा ठाऊक असेल तर त्या जागी थांबण्याला अर्थ येतो, म्हणूनही तो टप्पा घाईत उरकू नये.

हवामानाकडे दुर्लक्ष करू नका. जून-जुलैत पावसाळी हंगाम, ऑगस्ट-सप्टेंबरात वादळे. मार्चअखेर ते मे, तसेच ऑक्टोबर-नोव्हेंबर हाच योग्य काळ. एप्रिलअखेरच्या सलग सुट्ट्यांत मुक्काम मिळणे कठीण होते. डोंगरापेक्षा मला बोगद्यांची अधिक काळजी वाटते, कारण काही ठिकाणी पदपथ अरुंद असतो आणि मालमोटारी अगदी अंगावरून जातात. चमकणारा पट्टा बांधल्याशिवाय आत शिरू नका.

इंद्रायणीकाठ यांचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. शोसानजी दुसऱ्या खेपेसाठी ठेवण्याचा सल्ला पटला. मुक्काम, आहार आणि वडिलांच्या नावाने काय करता येईल, याविषयी एखाद्या बाईने लिहिले तर आईलाही वाचून दाखवता येईल.

कोबेची माहेरवाशीण यांचा प्रतिसाद

ताई, मी या वाटेवर एकटीने चालले आहे, म्हणून आपल्या आईंसाठीही लिहिते.

मुक्काम आधी फोन करून ठरवावा आणि अंधारापूर्वी पोहोचावे. यात्रेकरूंना फुकट झोपता येईल अशा खोल्या व झोपड्या वाटेत आहेत. त्या सेवाभावाने चालवल्या जातात, परंतु एकट्या बाईने तेथे राहू नये असे मी स्पष्टच सांगेन. मंदिरात अर्पण करायच्या नामपत्रिकेवर नाव, पत्ता व तारीख लिहितात. तेथे पूर्ण पत्ता न लिहिता केवळ ‘ओसाका’ लिहावे. निवास कार्ड सदैव जवळ असू द्या, आणि पोलिसांसाठी ११० व रुग्णवाहिकेसाठी ११९ हे क्रमांक आईंनाही सांगून ठेवा. पांढरा अंगरखा मात्र अवश्य घाला. तो पाहून गावकरी आपल्याला ओळखतात, वाट चुकलात तर स्वतःहून हाक मारतात, आणि संध्याकाळी उशीर झालेला दिसला तर चौकशी करतात.

आहाराबाबत एक गैरसमज दूर करते. मंदिरातील निवासात शाकाहारच मिळेल असे समजू नये; शिंगोन पंथाचे मुख्य स्थान असलेल्या कोयासानला तो मिळतो, शिकोकूत अनेक ठिकाणी ताटात मासा असतो. न दिसणारा मासा म्हणजे दाशी, म्हणजे माशाचा अर्क, तो जवळपास प्रत्येक रश्शात असतो, आणि कागावाचे (जुन्या सानुकीचे) प्रसिद्ध उदोन, म्हणजे जाड शेवया, त्याही वाळवलेल्या लहान मासळीच्या पाण्यातच देतात. म्हणून नोंदणी करतानाच ‘मांस, मासे आणि माशाची दाशी चालत नाही’ असे जपानीत सांगावे. ऐन जेवणाच्या वेळी सांगितले तर यजमानीण संकोचते आणि आपण उपाशी राहतो. न जमल्यास केवळ खोली घ्यावी व भात, तोफू, फळे सोबत न्यावीत. वाटेत लोक संत्री, चहा, कधी पैसेही हातात ठेवतात. त्याला ओसेत्ताई म्हणतात. ते नाकारू नये, कारण देणाऱ्याची यात्रा आपल्या पायांनी घडते अशी त्यांची श्रद्धा आहे. खाता न येणारा पदार्थ मिळाला तरी दोन्ही हातांनी घ्यावा, आपली नामपत्रिका द्यावी आणि पुढे भेटणाऱ्या यात्रेकरूला तो द्यावा.

वडिलांविषयी. गेलेल्या माणसासाठी चालणारे कितीतरी लोक तेथे भेटतात. अनेकांच्या पिशवीत त्या व्यक्तीचे छायाचित्र असते. नामपत्रिकेच्या मागे वडिलांचे नाव मराठीत लिहा, मुख्य मंदिरात आणि दायशींच्या मंदिरात, दोन्ही ठिकाणी ती अर्पण करा. सानुकीत ८५व्या याकुरीजीला पोहोचाल तेव्हा तेथे पूजले जाणारे कांगितेन म्हणजे आपले गणपतीच आहेत, हे लक्षात असू द्या.

८८वे ओकुबोजी झाल्यावर वाकायामा जिल्ह्यातील कोयासानला जाऊन दायशींना यात्रा पूर्ण झाल्याचे सांगण्याची प्रथा आहे. तेथील ओकुनोइन या त्यांच्या समाधिस्थानात ते आजही ध्यानस्थ बसले आहेत अशी श्रद्धा असून त्यांना रोज दोन वेळा नैवेद्य नेला जातो. आळंदीला माउलींच्या संजीवन समाधीपुढे वाढलेल्या मुलीला हे कोणी समजावून सांगावे लागणार नाही, आणि आपल्या आईंनाही नाही. शेवटच्या खेपेला त्यांना जपानला बोलवा. कोयासानला रेल्वे, दोरीगाडी आणि बसने थेट वरपर्यंत जाता येते, त्यामुळे तेवढा भाग त्याही आपल्याबरोबर सहज करू शकतील. मात्र तेथील निवासाची नोंदणी काही महिने आधी करावी. शरद ऋतूत पानांचा रंग पाहायला येणाऱ्यांची मोठी गर्दी असते.