जुन्या हँडहेल्डवरचा फुटबॉल सुटत का नाही?

डावा_विंगर:
मंडळी, फोनवर एवढे चकाचक फुटबॉल गेम आहेत, टीव्हीला मोठा कन्सोल पण लावलेला आहे, तरी रात्री आडवं झालं की माझा हात पीएसपीकडेच (सोनीचा जुना, हातात धरून खेळायचा कन्सोल) जातो, पीईएस २०१४ (प्रो इव्होल्यूशन सॉकर, फुटबॉलचा गेम) लावतो आणि एकच मॅच म्हणता म्हणता चार होतात. त्यातले कितीतरी खेळाडू कधीच रिटायर झाले, स्क्रीन ४८० बाय २७२ची, प्रेक्षक धड दिसत पण नाहीत. हा नुसता आठवणींचा खेळ आहे की त्या गेममध्येच काहीतरी आहे?

थ्रूबॉल_९:
नुसत्या आठवणी नाहीत रे. माझ्या पुतण्याचा जन्म पीएसपी बंद झाल्यानंतरचा, त्याला कसल्या आठवणी असणार, पण एकदा हातात घेतला की सोडत नाही. मला वाटतं कारण बटणांत आहे. पीएसपीला खांद्यावर एल आणि आर दोनच, उजवी स्टिक नाहीच, त्यामुळे बोटांची कसरत करून डिफेंडरला चकवणं फारसं जमत नाही, पास कधी सोडायचा तेच शिकावं लागतं. मिडफिल्डरने मान वर केली, स्ट्रायकर पळत सुटला, त्रिकोण दाबला आणि बॉल बरोब्बर दोन डिफेंडरच्या मधून गेला की जे वाटतं ना, त्याला ग्राफिक्स लागत नाहीत.

हाफटाइम:
+१, पण माझ्यासाठी खरी गोष्ट स्लीप मोड. कॉर्नर घेताना कोणी हाक मारली तर स्विच वर सरकवायचा, उद्या परत सरकवला की तोच कॉर्नर, तोच मिनिट. ऑनलाइन मॅचमध्ये हे शक्यच नाही, समोरचा थांबत नसतो. आणि मास्टर लीगमध्ये, म्हणजे आपला क्लब सीझनमागून सीझन चालवायच्या मोडमध्ये, चार सीझन घासून उभी केलेली टीम मेमरी स्टिकवर असते, कुठला सर्व्हर बंद पडला म्हणून ती जात नाही.

गोलकीपर_१:
सगळे गुण गाऊ नका, सगळेच काही चांगले नव्हते. पीएसपीवरच्या पीईएस ५ मध्ये मास्टर लीगच काढून टाकली होती, तेव्हा मी फार हिरमुसलो होतो. आणि २०१४ चं म्हणाल तर सोनीच्या टीव्हीला लावायच्या पीएस३ला नवीन फॉक्स इंजिन (गेम चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) मिळालं, पीएसपीवर मात्र जुनंच राहिलं. पण खरं सांगू का, त्यामुळेच तो हाताला ओळखीचा वाटतो, दरवर्षी पहिल्यापासून शिकावं लागलं नाही.

डावा_विंगर:
स्लीप मोडचं अगदी पटलं, माझ्या मनात होतं पण नीट सांगता येत नव्हतं. अजून एक, माझ्या पीएसपीचं मागचं झाकण हल्ली घट्ट बसत नाही, काय झालं असेल?

हाफटाइम:
बॅटरी फुगली असणार, जुन्या बॅटऱ्यांचं होतं तसं. लगेच बाहेर काढ, चार्ज अजिबात करू नकोस आणि तिला दाबू किंवा टोचू नकोस. नवीन येईपर्यंत चार्जर लावून खेळ, बॅटरी काढलेली असली तरी चालतो. फक्त वायर निघाली तर मॅच गेली, म्हणून सेव्ह करत जा.