मदत हवी आहे: ‘फ्लॅजोलेट’ या वाद्याला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी. आमच्या शाळेत पाचवी-सहावीच्या मुलांसाठी चित्रांच्या छापील प्रतींचं छोटं प्रदर्शन आहे. त्यातल्या एका चित्राच्या पाटीवर मी अडकले आहे.

चित्र फ्रेंच चित्रकार पॉल गोगँचं, 1889चं. फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावर, ल पुल्दूला काढलेलं. मूळ चित्र अमेरिकेत इंडियानापोलिसच्या कलासंग्रहालयात आहे. कड्यावरची वाट, खाली समुद्र, आणि वाटेवर फ्लॅजोलेट वाजवणारा मुलगा, शेजारी एक मुलगी. खडकांचे रंग असे की तो कडा आहे हे कळायलाच क्षणभर लागतं!

अडचण वाद्याच्या नावाची. ‘बासरी’ लिहिलं तर मुलं लगेच आडवी धरलेली कृष्णाची बासरी डोळ्यांसमोर आणतात, आणि इथे मुलानं वाद्य तोंडासमोर सरळ धरलंय. शिट्टीसारखी खाच असलेलं, टोकातून फुंकायचं वाद्य. ‘पिपाणी’ लिहून पाहिलं, पण तिच्या तोंडाशी थरथरणारी पत्ती असते, आवाज अगदीच वेगळा. ‘अलगुज’ मला आवडतं, पण एक सहकारी म्हणाल्या की त्यांना पंजाबची जोडबासरी आठवते. ‘पावा’ म्हटलं की पुन्हा कृष्णच.

पाटीवर जागा जेमतेम दोन ओळींची, त्यामुळे कंस किंवा तळटीप नको. ‘फ्लॅजोलेट’ तसंच ठेवलं तर मुलं वाचतानाच अडखळतील.

तुमच्याकडे गुराखी पोरं असं सरळ धरून वाजवायचं वाद्य वापरत असतील, तर त्याला काय म्हणतात? आणि अकरा वर्षांच्या मुलाला ‘अलगुज’ कळेल का?