मदत हवी आहे: सातवीसाठी उताऱ्यांतून इंग्रजी काळांचा सराव

पुण्यातली मराठी माध्यमाची शाळा, सातवीचा वर्ग, ४८ मुलं, ३५ मिनिटांचा तास. प्रोजेक्टर नाही, आठवड्याला मुलामागे एक पाठपोट झेरॉक्स, एवढंच परवडतं.

८०-१०० शब्दांचे उतारे देते (शनिवारवाडा, पीएमपीची बस असले ओळखीचे विषय) आणि क्रियापदं गाळते. कंसात मूळ रूप असलं की जागा बहुतेक बरोबर भरतात. पण त्याच विषयावर पाच वाक्यं लिहायला सांगा, पुन्हा ‘डिड नॉट वेन्ट’ आणि ‘हॅज कम येस्टरडे’! दुसरी चूक सरळ मराठीतून येते: ‘बाबा काल आले आहेत’ आपल्याकडे खपतं, इंग्रजीत येस्टरडेबरोबर ‘केम’च लागतं. दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी लिहूनही झालं. दर सातवा शब्द गाळून पाहिला, तर बऱ्याच जागा नामांच्याच निघाल्या. व्याकरण बाजूलाच राहिलं.

आता वर्तमानकाळातला उतारा भूतकाळात लिहायला द्यायचं डोक्यात आहे. ॲप नको, घरी सगळ्यांकडे फोन नाही. हे कोणी केलंय का? एका उताऱ्यात किती क्रियापदं ठेवलीत, आणि ४८ वह्या आपण न तपासता मुलांनाच एकमेकांच्या चुका कशा शोधायला लावल्यात?