मर्ज कॉन्फ्लिक्ट: ‘संघर्ष’ की ‘पेच’?

कोथरूडकर: विद्यार्थ्यांसाठी गिटची (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाची) मराठी टिपणं तयार होतायत. दोन ब्रँच (कामाच्या स्वतंत्र शाखा) एकत्र करताना, म्हणजे मर्ज करताना, गिटला बदल आपोआप जुळवता आले नाहीत की होतो तो ‘मर्ज कॉन्फ्लिक्ट’; त्याला ‘विलीनीकरण संघर्ष’ असा शब्द सुचवला गेलाय. पुण्यातल्या ऑफिसांत ‘कॉन्फ्लिक्ट आलाय, सोडव’ एवढंच ऐकू येतं. मराठी शब्द कोणता घ्यावा? आणि त्याच्या दोन बाजूंना गिट ‘अवर्स’, ‘देअर्स’ म्हणतं, त्यांना ‘आमचे’, ‘त्यांचे’ चालेल?

हडपसरकर: ‘पेच’ घ्या. पेच पडतो आणि पेच सोडवतात, क्रियापदं आयतीच मिळतात. ‘संघर्ष’ नको, इथे कुणी कुणाशी भांडत नसतं. एकाच पूर्वज कमिटपासून (गिटमध्ये नोंदवलेल्या स्थितीपासून) निघालेल्या दोन ब्रँचनी त्याच किंवा लगतच्या ओळी वेगवेगळ्या बदलल्या, एवढंच घडलेलं असतं. दोन्हीकडे अगदी सारखाच बदल असेल तर पेच पडत नाही. एकीने फाइल काढली आणि दुसरीने बदलली तरी पेच पडतो, पण तेव्हा फाइलीत पेचाची जागा दाखवणाऱ्या खुणा येत नाहीत. ठेवायची तर ‘गिट ॲड’, काढायची तर ‘गिट आरएम’.

‘विसंगती’ हा शब्द मात्र वेगळा राखून ठेवा. एकीने फंक्शनचं नाव बदललं आणि दुसरीने जुन्याच नावाने ते नव्या फाइलीत वापरलं, तर मर्ज बिनबोभाट होतो आणि बिल्ड (कोडपासून चालता प्रोग्राम बनवणं) मोडतो. ही विसंगती, पेच नव्हे.

औंधकर: पेच मान्य. ‘आमचे–त्यांचे’ला माझा ठाम विरोध आहे. मर्जमध्ये ‘अवर्स’ म्हणजे तुम्ही ज्या ब्रँचवर आहात ती. पण तुमची ब्रँच मेनवर (मुख्य ब्रँचवर) रिबेस करताना, म्हणजे तिच्या टोकावर नव्याने रचताना, गिट आधी मेनच्या टोकावर जातं आणि तुमचे कमिट एकेक करून त्यावर बसवतं. त्यामुळे ‘अवर्स’ म्हणजे मेन, आणि ‘देअर्स’ म्हणजे तुमचंच काम! ‘आमचे’ वाचून ‘गिट चेकआउट --अवर्स’ दिलं की त्या फाइलीतला आपलाच बदल जातो. ‘हेड-बाजू’ (हेड म्हणजे गिट त्या क्षणी ज्या कमिटवर आहे ते) आणि ‘येणारी बाजू’ म्हणा, दोन्हीकडे अर्थ टिकतो. व्हीएस कोड हा एडिटरही ‘करंट’ आणि ‘इनकमिंग’च दाखवतं.

टिपणांत पूर्वजही दाखवा, ‘मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल’ या सेटिंगला ‘डिफ३’ देऊन:

<<<<<<< हेड
वाचनालय: सकाळी ८ ते दुपारी १२
||||||| पूर्वज
वाचनालय: सकाळी ९ ते दुपारी १२
=======
वाचनालय: सकाळी ९ ते दुपारी १
>>>>>>> उन्हाळी-वेळा

मधला भाग नसता तर दोनांतली एक ओळ निवडावीशी वाटली असती. तो असल्याने कळतं, एकाने उघडण्याची वेळ बदलली आणि दुसऱ्याने बंद करण्याची. बरोबर उत्तर ‘८ ते १’, आणि ते दोन्ही बाजूंपैकी कुठेच लिहिलेलं नाही. एडिटरमधलं ‘दोन्ही स्वीकारा’ दाबलं तर एकाखाली एक अशा दोन ओळी उरतात. गिट २.३५ पासून ‘झेडडिफ३’ही आहे. पेचाच्या सुरुवातीला किंवा शेवटी दोन्ही बाजूंच्या ओळी सारख्या असतील, तर त्या तो खुणांबाहेर काढतो.

कोथरूडकर: मग ‘अनमर्ज्ड’ला ‘न सुटलेला पेच’?

हडपसरकर: हो. ‘गिट एलएस-फाइल्स -यू’ त्याच्याच नोंदी दाखवतं: १ पूर्वज, २ हेड-बाजू, ३ येणारी बाजू. फक्त ‘गिट ॲड’ने पेच ‘सुटतो’ असं लिहू नका. खुणा फाइलीत तशाच असल्या तरी ॲड होतं, गिट काही तपासत नाही. त्याला ‘सुटल्याची नोंद’ म्हणा, आणि त्याआधी ‘गिट डिफ --चेक’ चालवायला सांगा. राहिलेल्या खुणा तो ओळक्रमांकासह दाखवतो. सोडवताना फाइल बिघडलीच तर ‘गिट चेकआउट -एम’ आणि फाइलीचं नाव दिलं की पेच पुन्हा पहिल्यासारखा समोर येतो.